गाऱ्हाण्यात राहिलेलं नाव

बायकोचा मत्सर वाटतो असं पुरुषानं कबूल करायची आपल्याकडे रीत नाही. भावाचा वाटला तर लोक समजून घेतात, शेजाऱ्याचा तर वाटायलाच हवा, पण बायकोचा म्हटलं की समोरचा हसायला लागतो. हसायचं त्यानं हसावं. मला माझ्या बायकोचा चांगले चार पावसाळे मत्सर वाटला, आणि एका श्रावणात त्यापायी मी जे केलं ते आमच्या गावात कुणी वैऱ्याशीही करत नाही.

आमचं गाव सह्याद्रीच्या पायाशी, संगमेश्वराच्या वरच्या अंगाला. मागे कडा आणि त्या कड्यातून उतरणारी नदी. पुढे हीच नदी जयगडच्या खाडीला मिळते तेव्हा म्हणे फार शहाणी होते; आमच्याकडे ती शहाणी नाही. गावाच्या वर सात-आठ किलोमीटर ना रस्ता, ना विजेचा खांब, ना मोबाईलला रेंज. नुसतं रान, कातळ आणि पावसाळाभर उड्या मारत येणारं पाणी. लहानपणी मी तिथे गुरं न्यायचो. पोफळीची वाळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा होडीसारखा खोलगट भाग, पाण्यात सोडायची आणि काठाकाठानं तिच्या मागे पळायचं, हा माझा खेळ. कुठल्या दगडाशी विरी गरगरते, कुठे गडप होते आणि गडप झाली तर किती वेळानं कुठे वर येते, हे मला तेव्हापासून पाठ आहे.

मुंबईत बारा वर्षं काढून मी गावी परतलो आणि घराला लागून दोन खोल्या बांधल्या, गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या मंडळींसाठी. एका पावसाळ्यात पुण्याची काही मंडळी गाडीच्या टपावर रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या बांधून आली. खवळलेल्या पाण्यातून चालवायच्या या होड्या, कयाक म्हणतात त्यांना. देवळामागच्या कोंडात, म्हणजे तिथल्या मोठ्या डोहात, त्यांनी दोन दिवस काय ती मजा केली आणि जाताना बुडाला ठिगळ लावलेली एक पिवळी कयाक मला देऊन गेले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. विरीच्या मागे काठानं पळणारा मी आता स्वतः विरीत बसणार होतो. वरच्या रानातून देवळापर्यंत पाण्यावरून पहिला माणूस येईल तो मी, असं मी त्याच दिवशी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, गावभर सांगितलंही. इथेच पहिली चूक झाली.

कयाकमध्ये माणूस कमरेपर्यंत आत बसतो. पाणी शिरू नये म्हणून कमरेला एक रबरी घागरा घालून तो होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा. तो पहिल्यांदा घातला तेव्हा बायको पदर तोंडाला लावून हसली होती. "ह्यो परकर नेसून जाणार तुमी नदीवर?" होडी उलटली की माणूस डोकं खाली, पाय वर असा होडीसकट पाण्याखाली लटकतो. तेव्हा वल्ह्याच्या एका फटक्यानं आणि कमरेच्या एका झटक्यानं पुन्हा सरळ व्हायचं, त्याला रोल म्हणतात. ज्याचा रोल पक्का नाही त्यानं जोराच्या पाण्यात जाऊ नये असा नियम. मी कोलाडला दहा दिवस राहून शिकून आलो. मग दोन पावसाळे देवळामागच्या कोंडात घासले. तीनदा उलटलो तर एकदा सरळ व्हायचो. उरलेल्या दोन वेळा घागरा ओढून बाहेर पडायचं आणि भरलेली होडी काठाला ओढत आणायची. मी होडीला नावं ठेवायचो, ठिगळाला नावं ठेवायचो. माझी आई काठावर बसून म्हणायची, "नाचता येयना, आंगण वाकडा."

बायको नाट्याची. नाटे म्हणजे राजापूरकडचा समुद्रकाठ. तिचा बाप बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने घरी नसायचा, आणि मागे अंगणातून उतरलं की खाडी. शाळा पलीकडच्या काठावर. इयत्ता पाचवीपासून ती धाकट्या भावंडांना छोट्या होडीत घालून स्वतः वल्हवत न्यायची. हे मला लग्नापासून माहीत होतं, पण बायकोच्या माहेरच्या गोष्टी आपण जशा ऐकतो तशाच मी त्या ऐकल्या होत्या.

तिसऱ्या पावसाळ्यात एकदा ती गोधड्या धुवायला कोंडावर आली. माझं बुडणं थोडा वेळ बघितलं, मग म्हणाली, "मी बसू एकदा?" मी मोठ्या मनानं बसू दिलं. माझी कयाक पहिल्या महिन्यात नुसती गोल फिरायची. तिची पहिल्या वल्ह्यापासून सरळ गेली. कोंडाच्या वरच्या तोंडाला पाणी आत शिरतं तिथपर्यंत ती गेली, लाटेवर होडीचं नाक ठेवून जागच्या जागी उभी राहिली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी तिचा रोल झाला. मी विचारलं, कसं केलंस? तर म्हणे, "पाण्याशी भांडायचा नसता. ता आपल्याला वर उचलताच, आपणच मधी कडमडतो." माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीला ती कडमडणं म्हणाली.

मी हसलो. आत मिरची झोंबली होती.

पुढे जे झालं ते कुणीही ओळखेल. संध्याकाळी पावसानं उघडीप दिली की होडी घेऊन ती जायची आणि मी भाताच्या खाचरात बांध घालायला. पाहुणे फोन करायचे तेव्हा खोलीची चौकशी करता करता विचारायचे, वहिनी आहेत ना? आई, जी माझ्या वेळी काठावर बसून टोमणेच मारायची, ती सुनेसाठी छत्री घेऊन काठावर उभी राहायला लागली. होडी माझी, नदी माझी, आई माझी. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी त्या वर्षांत मनातल्या मनात किती वेळा म्हटली असेल त्याला मोजदाद नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती मला विचारायची. "त्या दोन दगडांच्या मधी पाणी खायला उठता, तिथं तुमची विरी कुठनं जायची वो?" मी सांगायचो. न सांगावं असं वाटायचं, पण नदीबद्दल कुणी विचारलं की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. मी सांगायचो आणि ती तिथून जायची.

मग गेल्या श्रावणात पुण्याची मंडळी पुन्हा आली. चौघंजण, त्यांचा म्होरक्या केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. वरच्या रानातून देवळापर्यंत उतरायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मी आदले दोन महिने याचीच वाट बघत होतो. आमच्याकडे एक खूण आहे, देवळामागच्या खडकाला नाक आहे, त्या नाकाला पाणी लागलं की नदी बरोबर भरलेली. त्या सकाळी पाणी बरोबर नाकाला लागलं होतं. घावणे खाता खाता म्होरक्या म्हणाला, "वहिनी पुढे राहतील. वाट त्या दाखवतील, आम्ही मागून." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही सुपाच्या खाली दोरी घेऊन थांबा. तिथे नदी ओळखणाराच माणूस हवा."

सूप म्हणजे त्या वाटेवरचं शेवटचं आणि सगळ्यात अवघड ठिकाण. धान्य पाखडायच्या सुपासारखा रुंद तिरका कातळ, त्यावरून अख्खी नदी घसरते आणि खाली दणकन आपटते. तिथे माणूस होडीतून पडला तर काठावरून दोरी टाकून ओढायचा.

मी म्हटलं, "मी होडीत नाही?"

"तुमचा रोल अजून पक्का नाही ना," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मी भांडलो असतो. खरं बोलला, म्हणून हातातला घास मी ताटात परत ठेवला.

बायको म्हणाली, "ह्यांना पण घ्या की. ही नदी ह्यांचीच." तिनं माझी बाजू घेतली आणि माझा उरलासुरला तोल तिथे गेला. तिची भीक नको होती मला. "नको," मी म्हटलं, "मी दोरी धरतो." त्यांच्याकडच्या जादा होडीत तिचे गुडघे मावेनात, म्हणून ती माझी पिवळी घेऊन निघाली.

वरच्या कोंडाशी पोचलो. तिथे एका ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, त्या जागेचा राखणदार. आमच्याकडे त्याला सांगितल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं सांगणं, की ही ही माणसं या या कामाला निघाली आहेत, त्यांना सांभाळ. प्रत्येकाचं नाव घ्यायचं असतं, कारण ज्याचं नाव कानावर पडलं नाही त्याची जबाबदारी देवावर नाही, असं आम्ही मानतो. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. गावात हा मान आमच्या घराण्याचा. वडिलांच्या मागे तो माझ्याकडे आला.

मी हात जोडले आणि सुरू केलं. "बा जागेवाल्या महाराजा! आज ही पुण्याची लेकरं तुज्या पायाशी आली हायत, त्यांचा हा नारळ मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

म्होरक्याचं नाव घेतलं. त्याच्याबरोबरच्या तिघांची नावं घेतली, एका मुलीचं नाव परक्या वळणाचं होतं तेही विचारून घेतलं. सुपाखाली दोरी धरणारा म्हणून माझं स्वतःचं नाव घेतलं. उरली ती. ती हेल्मेटचा पट्टा आवळत, मान खाली घालून उभी होती, आपलं नाव येईल म्हणून. माझ्या जिभेवर नाव आलंही होतं. तेवढ्यात मनात आलं, एवढी मोठी आहे ना, जाईल की देवाशिवाय. आणि मी पुढचं वाक्य घेतलं. "ह्यांच्या वाटेत जी काय इडापिडा असंल ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. ती पण म्हणाली, जरा मागाहून. मी नारळ फोडला. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. मी विसरलो नव्हतो.

ते पाण्यात उतरले आणि मी रानातल्या पायवाटेनं खाली निघालो. पाऊण तासाची वाट. पायाला जळवा लागत होत्या, त्या काढायलाही मी थांबलो नाही, कारण चालताना माझं डोकं भांडत होतं. पोचलो, सुपाच्या खालच्या कातळावर नीट पाय रोवले, दोरीची पिशवी हातात घेतली. वर बघत उभा राहिलो. ते यायला पाहिजे होते त्या वेळेला आले नाहीत. मी स्वतःला म्हटलं, वर चहा पीत असतील. आणखी थोडा वेळ गेला.

मग सुपाच्या माथ्यावर पिवळं काहीतरी दिसलं. माझी कयाक. उलटी. ती घसरत खाली आली, खाली आपटली, पाण्यानं तिला गिळलं आणि थुंकलं, आणि मी नेम धरून दोरी टाकली. दोरी बरोबर होडीवर पडली. होडी रिकामी होती.

त्यानंतर मी काय केलं ते सांगताना आजही माझा आवाज बदलतो. मी आधी तिच्या नावानं हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या मलाही ऐकू येत नव्हत्या. मग तिथेच कातळावर गुडघे टेकले आणि गाऱ्हाणं घातलं. नारळ नाही, फूल नाही. तिचं नाव घेतलं, तिच्या बापाचं, गावाचं, तिच्या खाडीचं नाव घेतलं. ही माझी बायको हाय रे महाराजा, हिचं नाव मघाशी मी गाळलं, मुद्दाम गाळलं, तू गाळू नकोस रे महाराजा. आणि मग गप्प झालो, कारण पुढे "व्हय" म्हणायला कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्यानं गाऱ्हाणं घालत होतो. शेवटी मीच "व्हय महाराजा" म्हटलं. पुन्हा म्हटलं. कितीदा म्हटलं माहीत नाही.

वर बघितलं तर सुपाच्या माथ्यावर, काठाच्या कातळावर निळं हेल्मेट. ती उभी होती, पायांवर, धडधाकट, आणि वल्हं हलवून मला खुणा करत होती की सगळे ठीक आहेत, चालत येतोय.

झालं होतं ते असं. रात्रीच्या वाऱ्यात एक उंबर सुपाच्या थोडा वर नदीत आडवा पडला होता. फांद्यांमधून पाणी जात होतं, होडी गेली नसती. होडी आणि माणूस दोघंही तिथेच अडकून पाण्याखाली दाबले गेले असते. तिनं वळणावरून पाण्याचा रंग बदललेला बघितला, काठाला लागली, उडी मारून बाहेर आली आणि मागच्या चौघांना वल्हं उंच धरून थांबवलं. एकेकाची होडी हातानं धरून बाहेर ओढली. या गडबडीत तिची स्वतःची होडी कातळावरून सरकली, रिकामी आणि हलकी म्हणून उंबराच्या शेंड्यावरून उलटून निसटली आणि माझ्याकडे आली.

ती खाली पोचली तेव्हा मला तिला मिठी मारावीशी वाटली. चार परक्या माणसांसमोर ते जमलं नाही. मी तिचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. आणि खरं सांगतो, माझा श्वास जागेवर आल्याबरोबर मी पहिलं वाक्य काय बोललो? "खाडीवरची बाई तू, आणि होडी बांधायची राहिली?" तिची एक चूक सापडली म्हणून मला बरं वाटलं होतं. नुकताच देवाच्या पाया पडलेला माणूस मी.

म्होरक्या म्हणाला, "होडी बांधत बसल्या असत्या तर आमच्यातला एखादा त्या झाडात असता." झालं. तिची चूकसुद्धा तिच्याच कौतुकात जमा झाली.

बायको माझ्याकडे बघत होती. "घसा का बसला तुमचा?"

"तुला हाका मारत होतो."

"मला?" ती म्हणाली. वाटेत माझ्या पायावरच्या जळवा तिनं चुना लावून काढल्या.

गावकऱ्यांनी दोन दिवसांत उंबर तोडून बाजूला केला. पुण्याची मंडळी थांबली होती. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा खडकाच्या नाकाला लागलं आणि आम्ही वर गेलो. या वेळी आईही चालत आली, काठी टेकत. मी ठरवून आलो होतो, तिचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचं. त्याच दगडापुढे मी नारळ ठेवला, हात जोडले, तोच बायको म्हणाली, "आज मी घालते गाऱ्हाणा."

आमच्याकडे बाया गाऱ्हाणं घालत नाहीत. मी आईकडे बघितलं. आईनं सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. "घाल गो बाय," ती म्हणाली. "नाव कोणाचा सोडू नको मातर." तेव्हा मला कळलं की घरात या विषयावर बोलणं होऊन गेलेलं आहे.

बायकोनं नारळ उचलून हातात घेतला. आवाज असा लावला की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. पुण्याच्या चौघांची नावं घेतली, परक्या वळणाचं नावही न अडखळता. सासूचं नाव घेतलं. "मागल्या टायमाला ज्या बाईचा नाव ऱ्हायला, तिला तू तरी पण संबाळलीस रे महाराजा," म्हणाली आणि स्वतःचं नाव घेतलं. "व्हय महाराजा!" पुण्याचे ओरडले. त्यांना ते ओरडायला फार आवडायचं. मी पायाकडे बघत होतो. मग ती माझं नाव घेऊन थांबली.

"ह्यो माजो घोव. मना पाण्याची वाट ह्यानंच दाखवली. त्याच्या मनात माज्याबद्दल जो काय जळफळाट असंल, तो ह्या पाण्याबरोबर जयगडच्या खाडीला जाऊदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" चौघं जोरात ओरडली. त्यांना निम्मं कळलं नसावं. आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढचं वाक्य आलं नाही. ती नारळ हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. एकाचं "व्हय" राहिलं होतं. माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, चारचौघांत उघडं पडल्याचा राग आला होता, आणि तरी चार वर्षांत पहिल्यांदा आतली जळजळ जरा कमी झाल्यासारखी वाटली, कारण आता ती लपवायची नव्हती. जाईल की नाही ते देव जाणे. देवापुढे खोटं बोलू नये म्हणून मी थोडा थांबलो, बघितलं, ती जावी असं मला खरंच वाटत होतं.

"व्हय महाराजा," मी म्हटलं.

तिनं नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, दोरी धरायला सुपाकडे वेळेवर पोचा म्हणून बजावलं आणि माझीच पिवळी होडी घेऊन पुढे गेली.